भाऊजींची चार्जची वही

ताईचा फोन आला तेव्हा मी कळमेश्वरला आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये आलेल्या मालाची खोकी उघडून बघत होतो. डिसेंबरचा पहिला आठवडा, सकाळचे अकरा वाजले असतील. ताई एवढंच म्हणाली, "दिलीप, हे जिन्यात बसले गा... उठूनच नाई राह्यले." मी विचारलं, "कोणत्या पायरीवर?" अशा वेळी कोणी असा प्रश्न विचारतं का? पण भाऊजींच्या संगतीत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार! आणि ताईनंही उत्तर दिलं, "नवव्या." गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला भाऊजी निघाले होते. नवव्या पायरीवर टेकले आणि तिथेच गेले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी जवळजवळ अख्खी नोकरी पाळ्यांमध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर प्रताप नगरात छोटंसं घर बांधलं. यंत्राच्या आत काय चाललंय ते ऐकण्यासाठी लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक यंत्राला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, ही जुन्या ऑपरेटरांची रीत. भाऊजींनी तो पेचकस घरीही आणला होता. फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळ्यांना ते कान लावत. माझी नवी स्कूटर पहिल्यांदा दारात लावली तेव्हा लोक पेढे मागत होते आणि हे गृहस्थ पेचकस घेऊन उकिडवे बसलेले. "साळेसाहेब, गाडी चांगली हाये, पन थोडी कुरकुरते. तुमच्यासारखीच!" माणसांनाही ते असंच ऐकत. समोरच्याला बोलू द्यायचं, मध्ये गप्प राहायचं आणि मग नेमका नको तो प्रश्न विचारायचा. माझी यावरून चिडचिड व्हायची, आणि हळूहळू मलाही तीच खोड लागली.

दर एकतीस डिसेंबरला दुपारी त्यांच्या गच्चीवर 'चार्ज' व्हायचा. आम्ही तिघेच, ताई, भाऊजी आणि मी. उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं भांडं मध्ये, आणि भाऊजींच्या मांडीवर जाड पुठ्ठ्याची वही. वीज केंद्रात पाळी संपली की जाणारा माणूस येणाऱ्याला वहीत लिहून देतो, काय चालू आहे, काय बंद आहे, कशावर नजर ठेवायची. खाली दोघांच्या सह्या, 'चार्ज दिला' आणि 'चार्ज घेतला'. भाऊजी म्हणत, वर्ष म्हणजे तरी काय, एक लांबलचक पाळीच. तेव्हा जुन्यानं नव्याला नीट चार्ज द्यावा. प्रत्येकानं आपापलं लिहायचं आणि मी, आवाज मोठा म्हणून, सगळ्यांचं वाचून दाखवायचं. संकल्प लिहायला बंदी होती. "संकल्प म्हंजे पुढच्या पाळीवाल्याले हुकूम. तो बिचारा आता येऊन राह्यला, त्याले हुकूम काहून देता? फक्त नजर ठेवाले सांगा." कोणामुळे बिघडलं हेही लिहायचं नाही, कारण त्यानं यंत्र सुधारत नाही. खाली आम्ही 'चार्ज दिला'वर सही करायचो. 'चार्ज घेतला'पुढची जागा दरवर्षी कोरी राहायची. मी विचारलं तर म्हणाले, "ज्यानं घ्याचा त्यानं सही कराव. नवीन वर्ष आलं का कराले लावजो!"

आणखी एक बंदी होती, 'सर्व ठीक' लिहायची. कोराडीला लागण्याआधी भाऊजी एका लहानशा कारखान्यात होते. आता सासरी असलेल्या त्यांच्या मुलीच्या बारशाचा दिवस, घरी पळायची घाई. पंपातून बारीक खरखर येत होती, ती त्यांनी ऐकली होती, तरी वहीत 'सर्व ठीक' लिहून ते निघाले. पुढच्या पाळीत तो पंप फुटला आणि उकळत्या पाण्यानं तिथल्या माणसाचा हात भाजला. माणूस बचावला, पण दोन बोटं कायमची वाकडी झाली. ही गोष्ट भाऊजींनी मला एकदाच सांगितली, आणि सांगताना पहिल्यांदाच त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

मी सुरुवातीला दरवर्षी 'सर्व ठीक' लिहायचो. ते लाल पेन्सिलनं खोडत आणि म्हणत, "सांग ना गा, आवाज काय येऊन राह्यला?" शेवटी एका वर्षी वैतागून मी लिहिलं, 'मुलाशी बोलणं कमी झालंय. कधीपासून ते आठवत नाही. नजर ठेवा.' पुढचं वर्षभर भाऊजी फोन करून विचारत, "तो आवाज अजून येते का गा?" त्या विचारण्याला कंटाळून मी मुलाला फोन करू लागलो. आज बापलेकात जे काही चाललंय, त्याचं श्रेय त्या लाल पेन्सिलीचं आहे.

आणि गेल्या वर्षीचा चार्ज... भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून त्यांनी आपलं पान हळू आवाजात सांगितलं आणि ताईनं लिहून घेतलं. मी तेव्हा शेंगा सोलण्यात गुंग. वाचायची वेळ आली आणि त्यांच्या नावापुढे दोनच शब्द, 'सर्व ठीक'. मी मोठ्यानं वाचलं आणि हसत सुटलो. "भाऊजी, खोडू का?" ते क्षणभर ताईकडे बघत राहिले आणि म्हणाले, "राहू दे. वाच पुढं." मी पुढचं वाचलं. जगभर प्रश्न विचारत हिंडणाऱ्या मला तो एक प्रश्न विचारावासा वाटला नाही.

ते गेल्यापासून मात्र तेवढंच डोक्यात घोळत होतं. त्यांना काही कळलं होतं का? मग लपवलं का? ज्या शब्दांनी एका माणसाची बोटं वाकडी झाली, ते शब्द त्यांनी तोंडातून काढलेच कसे? या एकतीस तारखेला मी प्रताप नगरला गेलो तो हे सगळं घेऊनच. ताईनं शेंगा उकडल्या होत्या, पण भांडं खालीच, बैठकीत ठेवलं होतं. शेजारी वही होती. मी गेल्या वर्षीचं पान उघडलं आणि बोट ठेवून विचारलं, "ताई, हे भाऊजी असे काहून बोलले असतील वं?"

शेंगा चिवडत ती म्हणाली, "ते नाई बोलले. ते बोलले का जिना चढतानी धाप लागते, नजर ठेवा. वर्षाच्या आखरी दिवशी असं अभद्र काहून लिवू, म्हनून मीच 'सर्व ठीक' लिवलं." म्हणजे माझ्या तोंडून ते शब्द ऐकले तेव्हाच भाऊजींना कळलं होतं, की ताईनं दुसरंच लिहिलंय! "मंग त्यायनं खोडलं काहून नाई?" मी विचारलं. "तू गेल्यावर मीबी तेच ईचारलं. तर म्हने, तुनं स्थिती नाई लिवली, तुही इच्छा लिवली. इच्छा कशी खोडू वं मी?" उन्हाळ्यात डॉक्टरांना दाखवलं होतं, गोळ्या चालू होत्या, हे तिनं आत्ता सांगितलं. मला मात्र दोघांनीही सांगितलं नव्हतं. ताईनं पदर तोंडाला लावला. "खरं लिवलं असतं तं तू त्याईले तवाच ओढत नेलं असतं दवाखान्यात. नेलं असतं ना गा?"

आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारले, असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. 'नाही गं, काही फरक पडला नसता' हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण ते पुन्हा 'सर्व ठीक'च झालं असतं. मला रडू आलं. म्हणालो, "मले नाई मालूम ताई. मी हसलो, ईचारलं नाई. नजर तं माहीबी नव्हती." कोणामुळे हे लिहायला त्या वहीत रकानाच नाही, याचा मला त्या दिवशी फार आधार वाटला.

थोड्या वेळानं तिनं वही ओढून घेतली आणि आपलं पान लिहिलं. मी वाचून दाखवलं: 'त्या दिवसापासून गच्चीवर गेले नाही. नवव्या पायरीशी पाय थांबतो. नजर ठेवा.' खाली 'चार्ज दिला'पुढे तिची सही होती. शेजारची जागा नेहमीसारखी कोरी. मी पेन घेतलं आणि 'चार्ज घेतला'पुढे माझं नाव लिहिलं. ताईनं ते वाचलं, पुन्हा वाचलं.

मी शेंगांचं भांडं उचललं आणि म्हणालो, "चाल, वर ऊन चांगलं हाये." ती पुढे, मी मागे. नवव्या पायरीशी ती थांबली. मी एक पायरी खाली, भांडं धरून उभा राहिलो. तिला कितीही वेळ लागला तरी चालणार होतं, चार्ज माझ्याकडे होता.