पाहुण्याचं थोडं

नातीचा फोन आला तेव्हा मी उन्हात शेंगा फोडत बसले होते. ती बेंगळुरात जन्मली, वाढली. सून केरळाकडची, त्यामुळे त्यांच्या घरात इंग्रजीच चालते. मराठी तिला कळते, बोलताना मात्र अडखळते. म्हणाली, "आजी, आय विल कम फॉर अ फ्यू डेज."

फोन ठेवला आणि मी शेजारच्या अक्काला हाक मारली. "ज्वारीचं पीठ दळून आण. नात यायलीय."

"किती दिवस ऱ्हाणार?"

"फ्यू."

"म्हंजे?"

"म्हंजे थोडे."

"पाहुण्याचे थोडे व्हय?" अक्का हसली. "मग महिना धर."

मीही महिनाच धरला होता. आमच्या सीमेवरच्या खटकचिंचोळी गावात पानावर बसलेला माणूस आकडा सांगत नाही. 'थोडं वाढा' म्हणतो आणि वाढणारी तीनदा वाढते. कन्नड बोलणारे स्वल्प म्हणतात, दखनी बोलणारे जरासा म्हणतात, पण ताट सगळ्यांचं सारखंच भरतं. थोडं हे माप नव्हेच. ती खाणाऱ्याची लाज असते, आणि ती मोडायचं काम वाढणारीचं.

हे मला कुणी फुकट शिकवलं नाही. मी भालकीच्या शाळेत दहावी झालेली सून. इंग्रजीत पास, त्यामुळे नाक जरा वरच. सासरच्या पहिल्या जेवणाला सासूबाईंनी विचारलं, "किती वाढू गं?" शहाणी म्हणाली, "दोन भाकरी." सासूबाई म्हणाल्या, "खानावळीत आलीस का?" आणि मोजून दोनच वाढल्या. तिसरी मागायला तोंड राहिलं नव्हतं. दुपारी ही इंग्रजीवाली बाई कोठीत पोत्याआड बसून कच्च्या शेंगा खात होती आणि टरफलं पदरात लपवत होती. आज ती भेटली तर मी तिला तिसरी भाकरी देईन, पण आधी पोटभर हसून घेईन.

तर अक्का आणि मी कडक भाकरी करायला बसलो. पातळ थापायच्या, तव्यावर वाळेपर्यंत शेकायच्या. महिनाभर टिकतात. चवड माझ्या कमरेपर्यंत आली तशी अक्का म्हणाली, "इतक्या कामून करायलीस? पोरगी हाय का फौज?"

"तू थाप," मी म्हणाले. घरात दुसऱ्या माणसासाठी थापण्याची सवय गेली होती, हे तिला सांगितलं नाही. एकटीसाठी मी दोन दिवसांतून एकदा तवा ठेवते.

भालकी स्टेशनावर नात उतरली. पाठीला एक लहानशी पिशवी. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मला वाटलं, हल्लीच्या पोरींचे कपडेच लहान.

जेवताना ती म्हणाली, "थोडंच." मी वाढलं. पुन्हा "थोडंच" म्हणाली, मी पुन्हा वाढलं.

"आजी, आय सेड अ लिटल."

"ऐकलं की."

ती हसली आणि शेंगाचटणी बोटानं पुसून सगळं संपवलं. माझ्याच अंथरुणात झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आले तर पिशवीची चेन लावत होती.

"अगं, कुठं जायलीस?"

"आजी, अ फ्यू डेज म्हटलं होतं ना."

"फ्यू म्हंजे तीनच?"

मग ओट्यावर बसून तिनं मला बोटांवर शिकवलं. कपल म्हणजे दोन. फ्यू म्हणजे तीन, फार तर चार. सेव्हरल त्याच्या वर, पाच, सहा, सात. मग मेनी. "पण पक्कं नाही आजी. माझ्या मैत्रिणी यावरून भांडतात. कुणी म्हणते फ्यू म्हणजे पाचसुद्धा."

"मग त्या मैत्रिणीचं ऐक," मी म्हणाले. "न्हाई तर सेव्हरल कर."

"जॉब आहे, आजी."

मी चहा हलवत राहिले. त्यात साखर घातलीच नव्हती.

"भाकरी किती देऊ?" मी विचारलं.

"अ फ्यू."

मी कागदात तीन गुंडाळल्या आणि हातात दिल्या. ती बघतच राहिली.

"आजी."

"तूच शिकवलंस."

तिनं क्षणभर विचार केला, मग मान खाली घालून, जशी पंगतीत घालतात तशी, म्हणाली, "थोड्या दे."

मी अख्खी चवड बांधली. पिशवीत मावेना, तेव्हा गाठोडं डोक्यावर घेऊन स्टेशनापर्यंत गेले. तळच्या मोडक्या तेवढ्या मागं राहिल्या.

त्या मोडक्या मी आमटीत भिजवून खायला लागले. तवा ठेवायचं कारण नव्हतं. अक्का दारातून विचारायची, "पोरगी गेली का? महिना झाला वाटतं लगेच." मी म्हणायची, "व्हय, इंग्रजी महिना." दोघी हसायचो. मग अक्का आपल्या घरी जायची.

परवा दिवेलागणीला नातीचा फोन आला. "आजी, तुला एकटं वाटतं का?"

मी म्हणाले, "लिटल." मुद्दाम इंग्रजीत म्हणाले, म्हणजे पोरीला घोर लागायला नको.

"ओके," ती म्हणाली, आणि ऑफिसातल्या जेवणाचं सांगायला लागली. मग फोन ठेवला.

आमटी गरम होत होती. कोठीत पोत्याआड बसलेली ती दहावी पास मला आठवली. मोजून मागितलं की मोजूनच मिळतं, हे एकदा कळूनही बाई पुन्हा तिथंच जाऊन बसली होती. मी चूल बारीक केली आणि मीच फोन लावला.

"काय झालं, आजी?"

"मघा चुकून इंग्रजीत सांगितलं," मी म्हणाले. "थोडं वाटतं गं. आपलं थोडं."

"पंगतीतलं थोडं?" तिनं विचारलं, आणि या वेळी फोन ठेवला नाही. मीही फोन ठेवला नाही.