जुनं खातं आणि वन्संचा दात

आमचे हे कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर वेगळे. ते दात उपटतात, तोंडाचं माप घेतात आणि पाटी त्यांच्या नावाची लागते. मापावरून प्लास्टरचा साचा ओतणं, मेणात एकेक दात बसवणं, घासून चकाकी आणणं, हा सगळा उद्योग आमच्या मागच्या खोलीत. पाहुणे आले की मी आधी त्या खोलीचं दार ओढून घेते. फळीवर जबडे मांडलेले बघून कुणाला चहा जाईल?

ह्यांची एक सवय आहे. साचा कधी एक ओतायचा नाही, दोन ओतायचे. एक हातून फुटला तर दुसरा असतो. घरातही तसंच, चष्मे दोन, छत्र्या दोन. बायको एकावर कशी भागवली, देव जाणे.

तर झालं असं, की डॉक्टर थकले, दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले. दवाखान्याचं इंटरनेटवर एक जुनं खातं होतं. दात काढण्याआधी पेशंटच्या तोंडाचे फोटो काढायचे, ते त्या खात्यात जायचे आणि ह्यांच्या फोनवर आणि मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर दिसायचे. डॉक्टरांचा निरोप आला, "खातं बंद करतोय. हवं ते उतरवून घ्या आणि सगळीकडून साइन आउट व्हा."

"साइन आउट म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"बाहेर पडायचं."

"आपण आत कधी गेलो होतो?"

ह्यांनी डोकं खाजवलं. तेही त्यांना आठवेना.

बाकीच्या पेशंटांच्या कवळ्या कधीच ज्याच्या त्याच्या तोंडात गेल्या होत्या. राहिली होती एकच, आमच्या वन्संची. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांचे दात इतके हलत होते की माप घ्यायला गेलं असतं तर मापाबरोबर हातात आले असते. म्हणून दातांचा नुसता एक फोटो काढला आणि मग दात काढून रिकाम्या हिरड्यांचं माप घेतलं. वन्संनी एकच अट घातली होती, "बाळ्या, माझं हसू होतं तसं मला परत दे. दुसऱ्या कुणाचं तोंड घालून मी दारात उभी राहणार नाही." तेव्हापासून बाई पदराने तोंड झाकून घरात बसल्या होत्या. एरवी रोज येऊन माझी चूक काढल्याशिवाय ज्यांचा घास उतरत नसे, त्या आता नुसत्या मान हलवायच्या. फोटोत त्या जन्मभर ओठ मिटून. दात दाखवणारा फोटो तो एकच.

आणि आमच्या शहाण्याने काय करावं? आधी फोनवरचे सगळे फोटो पुसायला घेतले!

"अहो, वन्संचा?"

"कॉम्प्युटरवर आहे की! परक्याच्या घरातून निघताना झाडून निघावं."

फोनने विचारलंसुद्धा, सगळीकडून जातील, चालेल का? हे म्हणाले, सगळीकडून म्हणजे फोनच्या सगळ्या कप्प्यांतून. दाबलं. फोनमधला कचऱ्याचा डबाही रिकामा केला, वर मलाच ऐकवलं, की तू कधी करत नाहीस. मग साइन आउट झाले आणि हात झटकून कॉम्प्युटरपाशी गेले.

तिथे काहीच नाही. बंद केला, चालू केला, मागे वाकून वायर बघितली. जणू फोटो मागे पडलाय! मग कॉम्प्युटरच ओळख मागायला लागला, म्हणे फोनवर कोड पाठवलाय. फोन म्हणतो, तुम्ही खात्यातच नाही, दुसऱ्या यंत्रावरून आत या. हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो ह्याच्याकडे. आमचे दोन्ही दीर सासूबाईंना सांभाळायच्या वेळी अगदी असेच वागले होते.

शेवटी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, मी कालच बाहेर पडलो. आता मलाही आत घेत नाहीत!"

"मग आत आहे कोण?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "कुणीच नसावं."

मग त्यांच्या सुनेने फोन घेतला. फोटो एकच असतो, वर त्या खात्यात, असं तिने समजावलं. फोन आणि कॉम्प्युटर म्हणजे नुसत्या खिडक्या, कुठूनही पुसला तरी जातो तो तोच.

"म्हणजे साचा एकच होता?" हे म्हणाले.

"कसला साचा, काका?"

ह्यांनी फोन ठेवला. चेहरा पार उतरला होता. मला राग आला होता, पण मी पानं वाढायला घेतली.

जेवल्यावर ते मेण घेऊन बसले. एक दात लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे. "तिचा तो वाकडा दात डावा होता का गं उजवा?"

"कमाल आहे! सख्खी बहीण तुमची!"

"फोटो होता ना," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "म्हणून कधी नीट बघितलंच नाही."

मी स्टूल ओढलं. "त्यांच्या डावीकडचा. मधल्या दातावर चढलेला. अजून चढवा. अजून. हां. आणि शेजारी फट, तिळाएवढी. सुळा जरा बुटका. एवढा लांब नाही हो, राक्षसीण करताय काय!"

"तुला कसं ठाऊक?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून मला हसतायत त्या. दुसरं काय बघत होते मी?"

सकाळी वन्सं आल्या. मेणातली कवळी तोंडात बसवली, आरशात बघितलं. मग माझ्याकडे वळल्या, "एवढा वाकडा होता? का सूड उगवलास?"

"एवढाच होता, वन्सं."

"ताई, फोटो माझ्याकडून गेला," हे म्हणाले. "हे सगळं हिने सांगितलंय. अजून मेण आहे, तू म्हणशील तर सरळ करून देतो."

"गप रे." वन्संनी आरसा उपडा ठेवला. "मला वाटायचं, ही माझं तोंडसुद्धा बघत नाही. असू दे हाच."