नाक्यापुढचा दवाखाना

"जागा तुम्हीच निवडली ना?" सिव्हिल सर्जन साहेबांनी दवाखान्याचं रजिस्टर मिटत विचारलं.

दवाखाना उघडून दोन महिने झाले होते. जंगलातल्या गावांसाठी उघडला, आणि तिथला एकही पेशंट नाही. होते ते सगळे माजी मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या घरचे, डोकेदुखीवाले. पावसाळ्यापर्यंत असंच चाललं तर डॉक्टर परत चांद्याला, असं साहेबांनी सांगितलं.

मी सॅनिटरी इन्स्पेक्टर. विहिरीत औषध टाकणं, देवीची लस टोचणं हे माझं काम. त्यात दवाखान्यासाठी जागा पाहण्याची ऑर्डर आली होती. स्वभाव संशयी, घरी दुधातसुद्धा बोट बुडवून पाहतो. सावली गावाच्या पुढच्या त्या खेड्यात दोन जागा होत्या. एक मालगुजारांची, सडकेला लागून, फुकट. फुकट म्हटल्यावर मी पटवाऱ्याकडून कागद दोनदा तपासले. स्वच्छ निघाले. दुसरी गावामागे मोहाच्या झाडाखाली, सोनाबाई सुईणीने सुचवलेली, तिच्याच घराशेजारी. बाळंतपणं करणारी बाई दवाखाना आपल्याच दारात मागते, म्हणजे पेशंट वाटेतच अडवणार! मी सडकेची जागा पक्की केली.

आता पेशंट नाहीत म्हटल्यावर तर खात्रीच झाली. तिला पकडायला म्हणून बाजाराच्या दिवशी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिने पाणी दिलं. तेही मी वास घेऊन प्यालो.

जंगलातल्या पायवाटेने माणसं येऊ लागली. डोक्यावर चारोळी, डिंक. मोहाखाली टेकायची आणि मागच्या मागे बाजारात शिरायची. एका बाईच्या कडेवरचं पोर तापाने फणफणलेलं. दवाखान्यात का नेत नाही, म्हणून विचारलं. तिने माझ्या खाकी पँटकडे पाहिलं, पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि चालू लागली.

सोनाबाई म्हणाली, "भाऊ, दवाखान्याच्या आंधी काय लागते?"

"जंगलखात्याचा नाका."

"तिथी गाठोडं उतरवा लागते. शिपायाले वाटते तेवढं तो काढून घेते. मंग तिकडून कोन जाईल? तुमचा डॉक्टरबी खाकीतच बसते. लोक त्याले नाक्याचाच समजून राह्यले."

त्याच नाक्यावर बसून मी जागेचा नकाशा काढला होता. शिपायाने चहा पाजला होता, वर बिस्किटं. तेवढा एकच माणूस मला सरळ वाटला होता.

तरी मी विचारलंच, "पण तुमच्या घराशेजारीच काऊन?"

ती खाली पाहत म्हणाली, "मांगच्या साली दोन बाया माह्या हातात गेल्या. तिसरीच्या वक्ती कोनाले तरी हाक मारता यावी."

साहेबांपुढे चूक कबूल केली. त्यांनी पुरतं बोलून घेतलं, मग सही केली. मोहाखाली छपरी उभी राहिली, डॉक्टर धोतर नेसून बसले. पहिल्याच बाजारी ती पोरवाली बाई आली. आधी सोनाबाईला विचारलं, मग पोर डॉक्टरांपुढे धरलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

तेव्हापासून जागा पाहायला गेलो की लोक कुठून वळसा घालतात ते आधी विचारतो. आणि चहा घरूनच पिऊन निघतो, तपासलेल्या दुधाचा.