टाकीवरचा पिराजी

शाहूपुरीतल्या बादल्यांच्या कारखान्यात पिराजी आसिडच्या टाकीवर असायचा. गंजलेला पत्रा आसिडात बुडवायचा, धुवायचा आणि जस्ताच्या मुलाम्याला पुढं धाडायचा. आसिड आधी गंज खाई, मग पत्रा खाई, आणि वाफेवाटे पिराजीचे दातही खाई. पुढचे चार तर झिजून खुंटासारखे झाले होते. बोलताना तो तोंडावर हात धरायचा.

"मालक, मला बादल्यांच्या कड्या वळायला घ्या की," त्यानं अप्पांना किती वेळा म्हटलं.

"घेतो की रं! एवढी दिवाळी होऊ दे."

अप्पांच्या त्या दिवाळीला दोन वर्षं झाली होती.

हिरड्या ठणकायच्या म्हणून शालूबाई नवऱ्याला बाभळीच्या सालीचा काढा देई, चुळा भरायला. बावन्न साली एका दुपारी उरलेला काढा त्यानं वैतागून लहान पिंपातल्या आसिडात ओतला. फसफस एकदम बसली, वाफ विरळ झाली. आतला तुकडा काढला, तर गंज गेलेला आणि पत्रा गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी त्यानं हंडाभर काढा मोठ्या टाकीत ओतला.

अप्पांनी पत्र्यावरनं अंगठा फिरवला. "आयला! कुठं खड्डा न्हाई. काय घातलंस?"

"बायकोचा काढा हाय."

"मग आता टाकीवरनं हलायचंच न्हाईस तू. दुसऱ्याला ह्ये जमायचं न्हाई."

पिराजीनं घरी येऊन सांगितलं. सकाळी शालूबाईनं काढ्यासाठी चूलच पेटवली नाही.

काढ्याच्या भरवशावर पत्रे टाकीत तसेच ठेवलेले; दुपारपर्यंत त्यांची चाळण झाली. अप्पा ओरडत कारखान्याच्या दारात आले, तर समोर शालूबाई उभी.

"काढा रोज द्येईन, मालक. मानूस तेवढा टाकीवरनं हलवा."

"बाई, वाफ निम्मी झालीया की आता!"

"निम्म्या वाफंनं दात ऱ्हात्यात व्हय? त्येच्या तोंडात बघा एकदा."

पिराजीनं मान खाली घातली. अप्पांनी बघितलं नाही.

"मग टाकीवर कुनाला उभा करू? तुला?"

"पाळी लावा. एकाच्याच तोंडावर किती वर्सं?"

कारखान्यात ठोकाठोक थांबली होती. कुणी कुणाकडं बघेना. मग भट्टीजवळचा केरबा हात पुसत उठला.

"उद्याचा दिस माझा."

अप्पा पाठ फिरवून आत गेले. 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पिराजी कड्या वळायला बसला. टाकीवर केरबा खोकला, की पिराजीचा हातोडा थांबायचा.