कमरेच्या उंचीच्या पेट्या

गल्लीत त्याला सगळे गुण्या म्हणत. काटकोन तपासायचं सुताराचं जे हत्यार, त्याचंच नाव माणसाला चिकटलं होतं, कारण ते त्याच्या हातातून कधी सुटत नसे. कुणाकडे चहाला गेला तरी नजर आधी दाराच्या चौकटीवर. चौकट जरा कललेली दिसली की चहा गोड लागत नसे. धंदा बंद करून बरीच वर्षं झाली, खोड मात्र गेली नाही.

बायकोचा जीव कोंबड्यांत. परसातल्या खुराड्यात जमिनीवर जुनी खोकी मांडलेली असत. त्यात कोंबड्या अंडी घालत आणि ही रोज सकाळी वाकून, एकेकीशी भांडत ती गोळा करी. तिथेच एकदा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, की रोज चाललंच पाहिजे, नाहीतर पाय आखडेल आणि पलंग सुटायचा नाही. आणि जमिनीपर्यंत वाकायचं नाही, कधीच.

हे दुसरं ऐकलं आणि तिने पहिलंही सोडून दिलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. गुण्याने वॉकर पुढे केला की म्हणे, "चालीन हो. पण चालून जायचं कुठे? मोरीपर्यंत?"

मुलगी दर रविवारी येई. तिने सरळ सांगितलं, "बाबा, त्या कोंबड्या देऊन टाकू या. त्यांचा आवाज आला की आईला जास्तच वाईट वाटतं. पुढच्या खेपेला मी टोपली घेऊनच येते."

कोंबड्या गेल्या तर ही पुन्हा उठणार नाही, असं गुण्याला वाटत होतं आणि त्याची त्याला फार भीती वाटत होती. पण बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं. मुलगी गेल्यावर त्याने करवत काढली.

बायकोला त्याने पलंगाशी उभं केलं आणि जमिनीपासून तिच्या तळहातापर्यंत टेप धरली.

"हे काय चाललंय?"

"वॉकरची उंची बघतोय," तो धडधडीत खोटं बोलला.

अंडी घालायच्या पेट्या त्याने कमरेएवढ्या उंचीवर ठोकल्या, त्या मात्र बघत राहाव्या अशा. कोंबडी आत आरामात वळेल एवढी जागा, अंडं बाहेर घरंगळू नये म्हणून पुढे आडवी पट्टी, वर उतरतं छप्पर, खाली पेंढा. मागच्या बाजूला बिजागरीचं झाकण. खुराड्यात शिरायला नको, वाकायला नको, बाहेर उभं राहून नुसता हात घालायचा. परसाच्या पायरीवर त्याने फळी टाकून उतारही केला. मग बायकोला म्हणाला, "चल, बघ तरी."

"तुमच्या हातच्या पेट्या. सरळच असणार. त्यात काय बघायचं?" ती म्हणाली आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंडी आणली ती घाणीने बरबटलेली.

"शी! ही अशी कशी?"

"रात्री पेट्यांतच झोपल्या सगळ्या."

"झोपायचा दांडा सोडून?"

"दांडा आता खाली राहिला ना."

ती कोपरावर उठली. "म्हणजे पेट्या दांड्याच्या वर ठोकल्यात? अहो, कोंबडी सगळ्यात उंच जागा बघून झोपते. इतकी वर्षं काय बघितलंत तुम्ही? वॉकर द्या इकडे!"

गुण्याने बायकोचं माप घेतलं होतं, कोंबड्यांचं राहूनच गेलं होतं. परसात पोचेपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही. मग तिने एक झाकण उचललं, आत हात घातला, आणि अंडं हातात आलं. कंबर जराही वाकली नव्हती. तिने झाकण एकदा लावून पुन्हा उघडून पाहिलं. मग म्हणाली, "दांडा वर घ्या," आणि घरात गेली.

त्याने दांडा वर घेतला. कोंबड्या दांड्यावर गेल्या आणि अंडी स्वच्छ मिळू लागली. ती त्याने हौसेने पलंगापाशी नेली. "झालं ना नीट?" म्हणून तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. आपल्या नीट कामाचा गुण्याला जन्मात पहिल्यांदाच राग आला.

दुपारी तो खुराड्यापाशी बराच वेळ उभा राहिला. मग त्याने कडेच्या पेटीचे स्क्रू सैल केले, एक बाजू खाली दाबली आणि तशीच आवळून टाकली. सवयीने गुण्या लावून पाहिला. हात आपोआप स्क्रूकडे वळला. पण पेटी तशीच ठेवून तो घरात आला.

सकाळी म्हणाला, "कडेच्या पेटीत अंडी कोपऱ्यात जाऊन आपटतायत. का, ते कळत नाही."

"तुम्हाला कळत नाही?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "वॉकर द्या."

ती गेली, बघितलं, भरपूर बोलली. त्याने मान डोलावली आणि काहीच दुरुस्त केलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीही ती गेली, आणि तिसऱ्याही.

रविवारी मुलगी टोपली घेऊन आली. पलंग रिकामा. धावत परसात गेली, तर आई वॉकरला धरून उभी आणि बाबा खाली मान घालून बोलणी खातायत.

"आई, तू बाहेर कशी?"

"काय करणार? ह्यांनी पेटी वाकडी बसवलीय."

"बाबांनी? वाकडी?"

"नजर गेली आता ह्यांची. रोज येऊन बघावं लागतं. टोपली आणलीस ते बरं केलंस, थोडी अंडी ने."

मुलगी हसत, डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. बायकोने झाकण लावलं आणि गुण्याकडे न बघता हळूच म्हणाली, "ही बघून झाली. उद्या दुसरी वाकडी करा."