शालनताईंची इंटर्नशिप

शालनताई गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही कोथिंबीर काढत होतो. बारामतीतल्या आमच्या सामुदायिक बागेत शनिवारी सकाळी आसपासच्या वस्तीतल्या घरांसाठी भाजी निघते, त्यामुळे गडबड होती. फोन त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा. ती पुण्यात नर्स आहे, बोलणं मोजकं. “आई गेली,” ती म्हणाली. “सकाळी उठून पाणी प्यायली, खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्याच...” मी फोन ठेवला.  सगळ्यांना सांगितलं, आणि तासाभरात बागेतली वीसएक माणसं मिळेल त्या गाडीनं इंदापूरला, ताईंच्या घरी निघाली. वाटेत यंदाच्या एका नव्या मुलीनं मला हळूच विचारलं, ताई बागेत नेमक्या कुठल्या पदावर होत्या? मी म्हणाले, इंटर्न. तिला वाटलं, दुःखानं मी भलतंच काही बोलते आहे. तिला गाडीत सगळं सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पिंपळीची, कृषी पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडलेली, चोवीस वर्षांची, आणि संस्थेनं मला बागेची समन्वयक केलेलं. शहराच्या कडेला एका सद्गृहस्थांनी पाऊण एकर पडीक जागा वापरायला दिली होती. अट एकच, वर्षभरात तिथं काही पिकलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर जागा परत. कामाला दोन तऱ्हेची माणसं होती. स्वयंसेवक, म्हणजे सवड मिळेल तेव्हा येऊन खुरपण करणारे शेजारपाजारचे लोक, आणि इंटर्न, म्हणजे सहा महिने रोज येऊन शिकणारे विद्यार्थी. इंटर्नना शेवटी प्रमाणपत्र मिळायचं. त्या वर्षीच्या अर्जांमध्ये एक अर्ज निळ्या शाईतला, फार रेखीव अक्षरातला होता. शालन साळवे, शिक्षण बारावी, वय एकसष्ट.

मुलाखतीला त्या एसटीनं आल्या. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. मी त्यांना बसायला सांगितलं, पण त्या उभ्याच राहिल्या. मी माझ्या परीनं समजावलं की या वयात रोजचा इंदापूर-बारामती प्रवास कशाला, स्वयंसेवक म्हणून या, जमेल तेव्हा या, थकलात तर बसा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“सेवा तीस वर्षं केली, मॅडम,” त्या म्हणाल्या. “आता शिकायचं हाय.”

तीस वर्षं त्या पाटपाण्याच्या एका कार्यालयात शिपाई होत्या. खरं सांगायचं तर नियमांत वयाची अट नव्हती, कारण अशी कुणी येईल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्यांना घेतलं.

पहिल्याच आठवड्यात बाग पाहायला पाहुणे आले. मी त्यांच्याशी बोलत होते, आणि बोलता बोलता मागं वळून, काही विचार न करता, शालनताईंना चहाचं सांगितलं. तिथं चार विद्यार्थी बसलेले होते, पण मी सांगितलं ते त्यांनाच. त्यांनी चहा केला, उत्तम केला, कप विसळून ठेवले. आमच्याकडे प्रत्येक इंटर्नची एक वही असते, ‘आज काय शिकलो’ हे रोज दोन ओळींत लिहायचं आणि शुक्रवारी मी वाचायचं. त्या शुक्रवारी शालनताईंच्या वहीत होतं, “आज काही शिकले नाही. चहा केला.” खाली सही. तक्रार नाही, टोमणा नाही... जे झालं ते तेवढंच.  सोमवारपासून मी चहाच्या पाळ्या लावल्या, पहिली पाळी माझी. शालनताईंनी तो चहा बसून प्यायला की नाही, हे मला आठवत नाही. बहुधा उभ्यानंच.

बागेची अवस्था मात्र वाईट होती. टोमॅटो लावले, पानांच्या कडा करपून गेल्या. घेवडा उगवला आणि पिवळा पडला. वांग्यांनी तर मूळच धरलं नाही. मी आणखी शेणखत टाकलं, पाणी वाढवलं, नवी रोपं आणली. वाफ्यांवर सकाळी मीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसायचा. या विषयावर मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं, पण पायाखाली आल्यावर ओळखू शकले नाही. चूक कबूल करण्यापेक्षा नवी रोपं आणणं मला सोपं वाटत होतं. शेवटी विश्वस्तांनी बैठक बोलावली. वर्ष संपायला पाच महिने होते आणि जागा आताच सन्मानानं परत करावी, असा सूर होता. शालनताई नेहमीप्रमाणे दाराशी उभ्या. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“रोपांत खोट न्हाय, मॅडम. त्यांचं पाय पाण्यात हायत, आन् ते पाणी खारं हाय.”

सगळे वळून बघायला लागले. शालनताईंनी पदर सावरला, पण त्या थांबल्या नाहीत. वरच्या अंगाला पाटाचा फाटा आहे, तिथून पाणी झिरपून खाली साचतं, वर उन्हानं ते उडून जातं आणि क्षार राहतो, असं त्यांनी सावकाश सांगितलं. उद्या कमरेएवढा खड्डा घ्या, म्हणाल्या. खड्डा घेतला. दुसऱ्या सकाळी त्यात गुडघाभर पाणी होतं. त्यांनी एकेका इंटर्नला बोट बुडवून जिभेला लावायला सांगितलं, मलाही. खारट, मचूळ, कडवट पाणी. त्या दिवशी सगळ्यांच्या वह्यांमध्ये एकच नोंद होती, पाणी खारं आहे.

उपाय त्यांच्याकडे तयार होता. जागेच्या मधोमध खोल चर घ्यायचा, तळाला छिद्रांची नळी आणि विटांचे तुकडे टाकून तो बुजवायचा, साचलेलं पाणी खालच्या ओढ्याला काढून द्यायचं, आणि वरून गोडं पाणी सोडून माती धुऊन घ्यायची. पण ओढ्याकडे पुरेसा उतार आहे का? गवंडी वापरतात तशी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेऊन त्यांनी दोन मुलींना हाताशी धरलं आणि दोन दिवसांत सगळ्या जागेची पातळी काढली. खुंट्या मारल्या, वहीत नकाशा काढला. विश्वस्तांपैकी एक निवृत्त अभियंते होते. ते आपलं मोजमापाचं यंत्र घेऊन तपासायला आले. तासभर एकेका खुंटीवर यंत्र लावून त्यांनी आकडे ताडून पाहिले. एकही खुंटी हलवावी लागली नाही. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, “साळवेबाई, हे कुठं शिकलात?”

“तुमच्याच मिटिंगांत, साहेब,” त्या म्हणाल्या. “मी दारात उभी असायची की. सर्वेला पट्टी बी मीच धरायची.”

साहेब त्यांच्याच कार्यालयातले होते. त्यांनी शालनताईंना ओळखलं नव्हतं, शालनताईंनी पहिल्या दिवशीच त्यांना ओळखलं होतं. साहेबांनी स्वतः जाऊन शेडमधली खुर्ची उचलून आणली आणि खुंट्यांच्या शेजारी मांडली. शालनताई बसल्या. साहेब उभे राहून त्यांना पुढचं विचारत राहिले, आणि मी लिहून घेत राहिले.

चर खोदायला अर्धी वस्ती आली. पहिल्यांदा नळीच्या तोंडातून ओढ्यात धार पडली तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या. माती तीन वेळा धुतली. मग धैंचा पेरला, ज्याचं हिरवळीचं खत होतं तो, आणि फुलावर यायच्या आत गाडून टाकला. पुढचं पीक निवडायचं काम शालनताईंनी माझ्यावर सोपवलं, “ते तुमचं शिक्षाण, मॅडम.” खारेपणा सोसतात म्हणून मी पालक आणि बीट निवडलं. जागेचे मालक ठरल्या दिवशी आले तेव्हा पाऊण एकरात पाय ठेवायला जागा नव्हती. ते बांधावरून चालत गेले, परत आले आणि जागा आता कायम बागेलाच राहू द्या म्हणाले. शालनताईंनी त्यांच्या हातात बीट दिलं, मातीसकट.

प्रमाणपत्रांच्या कार्यक्रमात त्या रांगेत सगळ्यात शेवटी होत्या, पोरांच्या मागं. नाव पुकारलं तसं सगळी पोरं उभी राहिली. त्यांनी प्रमाणपत्र घेतलं, आपलं नाव बरोबर लिहिलंय का ते वाचून पाहिलं, आणि मगच हसल्या.

पुढं त्या दरवर्षी नव्या तुकडीला शिकवायला येत राहिल्या. कडक होत्या. पोरांनी मोबाइलवर उत्तर शोधलं तर म्हणायच्या, “आदी माती हातात घ्या, मग त्याला इचारा.” उशिरा येणाऱ्याशी त्या दिवसभर बोलायच्या नाहीत, आणि संध्याकाळी डब्यातली शेंगदाण्याची चटणी आधी त्यालाच द्यायच्या. आम्ही त्यांना प्रशिक्षक हे पद देऊ केलं होतं. त्यांनी फॉर्मवर ‘इंटर्न’च लिहिलं, म्हणाल्या, शिकायचं संपलं असं लिहून द्यायला लागंल मग.

इंदापूरला पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्या दिवशी बुद्धविहारात माणसं मावली नाहीत. त्रिसरण, पंचशील झालं आणि मग एकेक जण उठून बोलू लागला. ते साहेबही बोलले. त्या गर्दीत दोन वर्षांपूर्वीची आमची इंटर्न स्नेहल होती, सांगवीची. ती बोलली नाही, पण निघताना म्हणाली, मॅडम, एकदा घरी या, काहीतरी दाखवायचंय.

परवा गेले. तिच्या वडिलांचं रान ओढ्याच्या कडेला, आणि त्यातला खालचा अर्धा एकर कित्येक वर्षं क्षार फुटून पांढरा पडलेला होता. वडील, म्हणजे तात्या, पुढं आणि आम्ही दोघी मागं. बांधावर पोचलो तर समोर गहू. ओंब्या भरलेल्या, वाऱ्यानं एका अंगाला कललेल्या. स्नेहलनं शालनताईंना सोबत घेऊन तिथं चर काढला होता, एका उन्हाळ्यात त्या तीन वेळा एसटीनं येऊन गेल्या होत्या, आणि यातलं काहीच त्या मला बोलल्या नव्हत्या.

तात्यांनी शेजारच्या रानातल्या गड्याला हाक मारून मोटर बंद करायला सांगितलं. त्यानं तिकडून विचारलं, कुठल्या तुकड्याची? तात्या म्हणाले, “शालनबाईच्या.”

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. “सगळी तसंच म्हणत्यात,” ते म्हणाले. “वरचा तुकडा आंब्याचा, मधला हिरीचा, ह्यो शालनबाईचा.”

ज्या बाईच्या सासर-माहेरात कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, तिच्या नावाचा अर्धा एकर गहू माझ्यासमोर उभा होता. मोटर बंद झाली. मी चप्पल काढून बांधावरून खाली उतरले.