मिठाच्या बरणीचं झाकण

कुसुम गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा मी वाळलेले कपडे आवरत होते. उरलेल्या दोन साड्यांच्या घड्या घातल्या आणि मग नगरहून संगमनेरची एसटी पकडली. मुलांनो, तुम्ही इतक्या लांब. तुमची ही कुसुम मावशीआजी तुम्हाला तोच तो प्रश्न पुन्हा विचारणारी एवढीच आठवत असेल. म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या या धाकट्या बहिणीच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता होता. चाळिशी उलटेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. एका दुपारी डोकं असह्य दुखून ती कोसळली. गुंत्यातून रक्तस्राव झाला होता. गुंता फार खोल आहे, हात लावण्यातच धोका जास्त, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. ती वाचली, पण नवं काही मनात टिकेना. इजा एवढ्याशा जागी, मग सगळी आठवण कशी बिघडली, असं मी विचारलं. ते म्हणाले, आठवण एका कप्प्यात नसते. मेंदूचे भाग एकमेकांना निरोप देतात, तेव्हा ती तयार होते. हिचे निरोप वाटेतच अडतात.

हात मात्र काही विसरले नव्हते. पुरण शिजवणं, वाटणं, पोळी लाटणं, सगळं पूर्वीसारखं. फक्त मीठ... घातलं की नाही, हे तिला आठवत नसे. चाखायची सोय नव्हती. त्या घरात नैवेद्य दाखवण्याआधी काही जिभेला लावत नाहीत. मग तिनंच युक्ती काढली. मीठ घातलं की बरणीचं झाकण उलटं ठेवायचं, जेवणं उरकली की सुलटं. ही सवय हातात बसायला कित्येक आठवडे गेले.

तिच्या सासूबाईंना हा पोरखेळ वाटे. "सून आली की घरात. सोड आता चूल," त्या म्हणत.

"मग मी काय करू, आत्याबाई?"

"माझ्यावानी बसायचं अन् दुसऱ्याच्या चुका काढायच्या."

कुसुम हसली नाही. तिला पुरतं जमणारं हे एकच काम उरलं होतं. शेवटी सासूबाईंनी ठरवून टाकलं, "पोळ्याला पाव्हणे हायेत. आमटी बिघडली, तर चूल रेखाची." रेखा म्हणजे कुसुमची सून.

पोळ्याला मीही गेले होते. कटाच्या आमटीत मीठ पडलं, झाकण उलटं झालं. पाहुण्यांपुढे घर नीट दिसावं म्हणून रेखानं फळी आवरली आणि आवरता आवरता झाकणही सरळ केलं. कुसुम आमटी ढवळायला आली, झाकण पाहिलं आणि पुन्हा मीठ घातलं.

पंगतीत पहिल्याच घोटाला लोकांनी पाण्याचे तांबे उचलले. कुसुम दारात उभी राहून सासूबाईंकडे बघत होती. त्यांनी वाटी संपवली आणि दुसरी मागितली.

"तोंडं काय वाकडी करताय? भात घ्या अन् कालवा," त्या पाहुण्यांना म्हणाल्या.

जेवणानंतर रेखानं रडत झाल्या प्रकाराची कबुली दिली. सासूबाई म्हणाल्या, "कुसुमबिगर त्या झाकणाला कुणी हात लावायचा न्हाई." चूल सोडायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या रक्तस्रावातून कुसुम उठली नाही. तेराव्यानंतर मी स्वयंपाकघरात गेले. रेखा वरणाला फोडणी देत होती. फळीवर मिठाची बरणी होती, झाकण उलटं. माझा हात सवयीनं ते सुलटं करायला गेला.

"राहू द्या, मावशी," रेखा म्हणाली. "अजून जेवणं व्हायचीत."